अकराव्या प्रोग्रामचं आउटपुट

मला कॉम्प्युटरची भीती वाटायची आणि मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होते. आज हे हसत सांगता येतं. तेव्हा हे वाक्य मनातल्या मनात म्हणतानाही मी आजूबाजूला बघून घ्यायचे. वर्गात आम्ही तीसजण होतो. त्यातल्या एकोणतीसजणांना सगळं समजतं आणि न समजणारी मी एकटीच, अशी माझी पक्की खात्री होती. पुढे कळलं की प्रत्येकाची स्वतःबद्दल हीच खात्री होती. पण ते कळेपर्यंत तीन वर्षं गेली.

या वाटेला मी गेले कशी, तर बाबांच्या साहेबांमुळे. बाबा मुंबईत एका खाजगी कंपनीत टपाल सांभाळायचे. आलेल्या पत्रांवर शिक्के मारायचे, वहीत नोंद करायची आणि पत्रं वरच्या मजल्यावर पाठवायची. बारावीला मला बरे मार्क पडले तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले, मुलीला कॉम्प्युटरला घाला. बाबांनी घातलं. साहेबांनी विहिरीत घाला म्हटलं असतं तर बाबांनी थोडा विचार केला असता, एवढंच.

आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. खारी गावाच्या कडेला आमची चार मजली बिल्डिंग, त्यात वन रूम किचन, आणि त्यात ठेवायला जागाही नव्हती. कॉलेजच्या लॅबमध्ये बारा मशीन होती. त्यातली चार कायम झोपलेली. उरलेल्या एकेका मशीनवर चौघेचौघे. एकाने टाइप करायचं, तिघांनी मागे उभं राहून माना डोलवायच्या. मी पहिल्या महिन्यापासून मान डोलवणाऱ्यांत होते. त्याचं कारणही होतं. कॉलेजच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एक मशीन घरातला पंखा बंद करावा तसं सरळ बटण दाबून बंद केलं होतं, आणि लॅबचे सर असे ओरडले होते की शेजारच्या वर्गातला तास थांबला. 'हात लावू नकोस!' एवढेच शब्द. सर दहा मिनिटांत ते विसरले असतील. मी ते हुकूम मिळाल्यासारखे तीन वर्षं पाळले.

मग या मुलीला नोकरी कशी काय मिळाली, असं कोणीही विचारील. मिळाली खरी. शेवटच्या वर्षी जानेवारीत एका कंपनीने आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांची एकत्र परीक्षा घेतली. सगळी गणितं आणि कोडी. गणित मला येत होतं. कॉम्प्युटरबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगायला काही हरिश्चंद्र नव्हते. पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात एक अट होती, पदवी पहिल्याच प्रयत्नात मिळाली पाहिजे. एखादा विषय राहिला, पुन्हा बसावं लागलं, तर पत्र रद्द.

बाबा मेअखेर रिटायर होणार होते. माझ्या पाठीवर कोणी नव्हतं, घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. म्हणजे जूनपासून घर माझ्यावर, आणि मी त्या पत्रावर. बाबांनी ते देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं. रोज सकाळी उदबत्ती लावताना ते पत्र बाहेर काढायचे, घडी उघडून बघायचे, परत ठेवायचे. जन्मभर पत्रं हाताळलेला माणूस, पण घरात आलेलं एवढं मोठं पत्र हे पहिलंच. नमस्कार आधी गणपतीला व्हायचा की पत्राला, हे गणपतीलाच माहीत.

आता जर्नलबद्दल सांगायला हवं. जर्नल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. वर्षभरात लॅबमध्ये केलेला प्रत्येक प्रोग्राम तिच्यात हाताने लिहायचा आणि खाली त्याचं आउटपुट, म्हणजे प्रोग्राम चालवल्यावर मशीनने पडद्यावर जे दाखवलं ते, जसंच्या तसं उतरवायचं. प्रत्येक पानावर सरांची सही. सह्या पूर्ण नसतील तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. हा झाला नियम. रीत वेगळी होती. शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथले गुजराती काका काउंटरखाली जुन्या जर्नलांचा गठ्ठा ठेवायचे. पास होऊन जाणारी मुलं आपलं जर्नल काकांकडे टाकून जायची, मोठ्या भावंडांचे कपडे धाकट्यांना येतात तसं. आम्ही जायचो आणि काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "कौन सा बेटा, जावा के सी प्लस प्लस?" झेरॉक्स मिळायची. ती समोर ठेवून आम्ही जर्नल लिहायचो. याला कोणी नक्कल म्हणत नव्हतं. याला 'जर्नल पूर्ण करणं' म्हणत. सरांनाही माहीत होतं. ते सह्या करताना पान बघायचे नाहीत, फक्त पानं मोजायचे.

सी प्लस प्लसच्या त्या जर्नलात वीस प्रोग्राम होते. अकरावा प्रोग्राम विद्यार्थ्याचा निकाल लावायचा. नाव द्या, तीन विषयांचे मार्क द्या, तो सरासरी काढतो आणि पास की फेल ते सांगतो. त्याच्या आउटपुटमध्ये एका मुलीचं नाव होतं. नाव, आडनाव, सगळं. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या नावाची बाई असेलच कुठेतरी. नावापुढे मार्क होते एक्केचाळीस, तेहतीस, बावन्न. सरासरी बेचाळीस. निकाल पास.

ते कोणाचं नाव, कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या आधीच्या वर्षाच्या जर्नलात ते होतं, त्यांच्या आधीच्यांतही होतं. आम्ही तिला 'अकरा नंबरवाली' म्हणायचो. माझ्या बाजूला बसणारी मैत्रीण म्हणायची, "हिचं लग्न होऊन पोरं शाळेत गेली असतील, पण ही आपल्याकडे अजून पास होतेय." आम्ही हसायचो आणि तेच नाव उतरवायचो. आपलं नाव घालावं असं तिसांतल्या एकालाही वाटलं नाही. मला तर वाटणं शक्यच नव्हतं. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टीतलं एक अक्षर हलवलं आणि खाली भलतंच काही कोसळलं, तर? हात लावू नकोस म्हणजे नकोस.

परीक्षेसाठी मी एकच उपाय केला. वीसच्या वीस प्रोग्राम पाठ केले. पाढे पाठ करतात तसे, अर्थाच्या वाटेला न जाता. आई सातवी शिकलेली, मूळची रत्नागिरीकडची. तिला इंग्रजी शब्द कळत नव्हते पण अक्षरं ओळखता यायची. दुपारी ती तांदूळ निवडत मांडीवर झेरॉक्स घेऊन बसायची आणि मी समोर वहीत प्रोग्राम लिहून काढायचे. मग ती माझी वही आणि झेरॉक्स ताडून बघायची. ओळीच्या शेवटी अर्धविराम असतो, त्याला ती टिकली म्हणायची.

"हितं टिकली ऱ्हायली गो तुझी," ती म्हणायची, आणि राहिलेलीच असायची. सांगते ते खरं आहे, लॅबच्या सरांपेक्षा माझ्या चुका आईने जास्त काढल्या.

परीक्षा मार्चमध्ये होती. अकरा वाजताची बॅच. त्या दिवशी बाबांनी रजा टाकली. दहावीला नाही, बारावीला नाही, आणि आत्ता रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले असताना या माणसाने माझ्या प्रॅक्टिकलसाठी रजा टाकली. आईने हातावर दही ठेवलं. मी ते खायचं विसरून प्रोग्रामच पुटपुटत राहिले.

"घाबरतेस काय गो? सगळ्या टिकल्या येतात तुला," आई म्हणाली.

कॉलेजच्या गेटपर्यंत बाबा बरोबर आले. गेटसमोर एका दुकानाची पत्र्याची सावली होती, तिथे ते पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले.

"तुम्ही घरी जा ना बाबा. तीन तास लागतील."

"असू दे. मी इथेच उभा राहतोय," ते म्हणाले, आणि शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. खिशात घडी घातलेला कागद होता. मी ओळखला. पत्र.

"ते कशाला आणलंत?"

"असू दे, असलेलं बरं."

कशाला बरं? परीक्षेत कोणी पत्र मागणार नव्हतं. पण बाबाही माझ्याइतकेच घाबरलेत हे मला त्या कागदावरून कळलं.

बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येणार होत्या. त्यांच्याबद्दल आठवडाभर अफवा होत्या. दुसऱ्या एका कॉलेजात म्हणे त्यांनी अर्धी बॅच बसवली, म्हणजे नापास केली. उत्तर बरोबर दिलं तरी पुढे 'का?' म्हणून विचारतात. माझ्याकडे वीस प्रोग्राम होते, पण 'का'चं उत्तर एकाचंही नव्हतं. आणि हजेरीत माझं नाव पहिलं. आडनावाचं पहिलं अक्षर माणसाला जन्मभर असं पुढे ढकलत राहतं.

परीक्षक मॅडम पस्तिशीच्या आतल्याच होत्या. इस्त्रीची कॉटन साडी, हातात रुमाल, चेहऱ्यावर हसू नाही. लॅबचे सर दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या प्रिंटरशी झगडत होते. मी चिठ्ठी उचलली. चौथा प्रोग्राम. बसले, पाठ होता तसा टाइप केला, चालवला, चालला. निळ्या पडद्याकडे न बघता मी बोटांकडे बघत होते. मग मॅडमनी टेबलापाशी बोलावलं आणि माझं जर्नल उघडलं.

त्या पानं उलटत होत्या. मी मनात टिकल्या मोजत होते. एका पानावर त्यांचा हात थांबला. थांबला तो थांबलाच. लॅबमधला पंखा कुरकुरत होता, त्याचा प्रत्येक फेरा मला ऐकू येत होता.

"हे नाव कोणाचं?"

मी वाकून बघितलं. अकरावा प्रोग्राम. खरं सांगायचं तर 'माहीत नाही, झेरॉक्समध्ये होतं' एवढंच उत्तर होतं. पण ते सांगणं म्हणजे जर्नल नक्कल केलंय हे कबूल करणं. मग सही रद्द, परीक्षा रद्द, पत्र रद्द. हे सगळं डोळ्यांपुढून धावत गेलं आणि तोंडातून आलं,

"माझी मावसबहीण, मॅडम."

"अस्सं. काय करते?"

"लग्न झालं तिचं. दुबईला असते."

दुबई कुठून आली ते देवाला माहीत. आमच्या नात्यातलं कोणी वापीच्या पुढे गेलेलं नव्हतं.

"सुखात आहे?"

"हो मॅडम. खूप."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला कळला असता, रागाची मला सवय होती. हे काहीतरी दुसरंच होतं आणि त्यानेच मी जास्त घाबरले. जर्नल माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "हा प्रोग्राम चालव. मार्क यातलेच टाक. झालं की हाक मार." आणि पुढच्या नंबराकडे गेल्या.

मी टाइप केला. पाठच होता. चालवला. नाव टाकलं, अकरा नंबरवालीचंच. एक्केचाळीस. तेहतीस. बावन्न. एंटर.

फेल.

मला आधी वाटलं मार्क चुकीचे टाकले. पुन्हा चालवला. पुन्हा फेल. मग वाटलं टिकली राहिली. आई बघते तसं एकेक अक्षर जर्नलशी ताडून बघितलं. सगळ्या टिकल्या जागच्या जागी. कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला आणि मी तो ओढणीने असा पुसला की जणू कोणाचा खून करून डाग पुसतेय.

दुसरा काही मार्ग उरला नाही, तेव्हा मी तीन वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. प्रोग्राम वाचला. पाठ म्हटला नाही, वाचला. ही ओळ काय म्हणतेय? तीन मार्क घे. ही? त्यांची बेरीज कर, तीनने भाग. आणि ही? तिन्हींतला एक जरी मार्क पस्तिसाच्या खाली असेल, तर निकाल फेल.

तेहतीस.

तेहतीस पस्तिसापेक्षा कमी असतात. हे पहिलीतल्या पोराला कळतं. मी ते पान लिहिलं होतं, पाठ केलं होतं, आईने ताडलं होतं. वर्गातल्या तिसांनी लिहिलं, त्यांच्या आधी कितीजणांनी लिहिलं, सरांनी दरवर्षी प्रत्येकाच्या पानावर सही केली. आणि तेहतीस मार्क मिळवून ती मुलगी वर्षानुवर्षं पास होत होती.

इथे मला आनंद व्हायला हवा होता. चूक सापडली होती. पण भित्र्या माणसाचं डोकं कसं चालतं ते बघा. माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांचं, इतक्या सह्यांचं जर्नल चुकीचं कसं असेल? चूक मशीनची. नाहीतर माझी. मॅडमना जर्नलात पास दिसतंय, पडद्यावर फेल दिसलं तर फेल मीच. मी इकडेतिकडे बघितलं. सर अजून प्रिंटरशीच झगडत होते. मी त्या ओळीवर गेले आणि पस्तीस खोडून तेहतीस केले.

पुन्हा चालवला. पास.

"मॅडम, झालं," मी म्हणाले.

त्या आल्या. पडद्यावरचं पास बघितलं. जर्नलातलं पास बघितलं. मग वाकून एक बटण दाबलं आणि आउटपुट गेलं, प्रोग्राम पुढे आला. हे त्या करतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी हळूहळू पान खाली सरकवलं आणि माझ्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तेहतीस कुठून आलं?"

आता संपलं, असं मला स्पष्ट वाटलं. बाबांच्या खिशातला कागद डोळ्यांपुढे आला. आणखी एक खोटं सुचलं असतं तर मी ते बोलले असते, पण सुचलंच नाही.

"मी केलं, मॅडम."

"का?"

तोच तो 'का'. ज्याला मी आठवडाभर घाबरत होते. आणि गंमत अशी की या एका 'का'चं उत्तर मला येत होतं.

"जर्नलमध्ये पास आहे म्हणून."

"आणि प्रोग्राम काय म्हणत होता?"

"फेल."

"मग दोघांत खोटं कोण बोलतंय?"

"जर्नल," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा विचारलं. "जर्नल, मॅडम."

"कशावरून? मला पटव."

मी सांगितलं. रडत सांगितलं, पण सांगितलं. ही ओळ मार्क घेते, ही फिरून फिरून तिन्ही तपासते, इथे तेहतीस आले की निकाल फेल ठरतो आणि मग बाकीचे दोन कितीही असले तरी उपयोग नाही. बोट पडद्यावर ठेवून सांगितलं. हात लावून.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"आत्ताच कळलं, मॅडम."

त्या शेजारचं स्टूल ओढून बसल्या. रुमालाने मान पुसली. मग इतक्या हळू बोलल्या की मागच्या मशीनवरच्यालाही ऐकू गेलं नसेल.

"मी अजून दुबई बघितलेली नाही."

मला काही समजलं नाही. मग समजलं. खुर्ची मागे सरकली आणि मी उभीच राहिले.

"बस, बस," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून कोणाला कळत नाही. याच लॅबमध्ये होते मी. तू बसलीयस त्याच्या पलीकडच्या मशीनवर."

मग त्यांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं. तेहतीस मार्क त्यांचे खरे होते. आदल्याच आठवड्यात निकाल लागला होता, एक विषय राहिला होता, आणि घरी सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये प्रोग्राम चालवताना मार्क टाकायची वेळ आली तेव्हा डोक्यात तोच आकडा होता, तोच बोटांतून गेला. मशीनने फेल दाखवलं. जर्नलात उतरवताना त्यांनी पास लिहिलं.

"माझे वडील रोज रात्री जर्नल उघडून बघायचे. इंग्रजी येत नव्हतं त्यांना. पण पास आणि फेल एवढे दोन शब्द वाचता यायचे." त्यांनी रुमालाची घडी केली. "पुढे मी तो विषय काढला, सगळं नीट झालं. जर्नल त्या काकांकडे टाकलं. मला वाटलं रद्दीत गेलं असेल. किती जणांनी उतरवलंय हे?"

"सगळ्यांनी, मॅडम."

त्यांनी लॅबमध्ये बसलेल्या, व्हरांड्यात पाळीची वाट बघणाऱ्या आमच्या वर्गाकडे एकदा नजर फिरवली. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक जर्नल.

"म्हणजे आज तीस वेळा बघायचंय मला," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि हसू येतंय याचीच भीती वाटली. त्यांनी मला ती ओळ पहिल्यासारखी करायला सांगितली. मी पुन्हा पस्तीस केले, पुन्हा चालवला, त्यांचंच नाव टाकलं. पडद्यावर त्यांच्या नावापुढे फेल आलं. परीक्षकाला नापास करणारी मी पहिलीच असेन.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग लाल पेन काढून माझ्या जर्नलातलं पास खोडलं, वर फेल लिहिलं, आणि बाजूला बारीक सही केली.

ते जर्नल रीतीप्रमाणे मी पुढे काकांकडे ठेवलं. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या रस्त्यावर एक ज्युनियर मुलगी भेटली, तिने कौतुकाने आपलं जर्नल दाखवलं. अकराव्या प्रोग्रामात पास लिहून ते लाल पेनाने खोडलेलं होतं, वर लाल पेनाने फेल, आणि बाजूची ती सहीसुद्धा हुबेहूब. मी कपाळाला हात लावला.

मॅडमनी मार्क सांगितले नाहीत, तसे कोणी सांगतही नाही. तोंडी परीक्षा संपली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुझं जर्नल घरी कोण बघतं?"

"आई. ती टिकल्या बघते."

टिकल्या म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

निकाल जूनच्या शेवटी लागला. पास झाले, पहिल्याच प्रयत्नात, आणि नोकरीही मिळाली. पण त्या दुपारी गेटकडे जाताना यातलं मला काही माहीत नव्हतं. परीक्षकासमोर खोटं बोलले होते, प्रोग्रामात फेरफार करताना पकडले गेले होते, रडले होते. हिशेब कसाही मांडला तरी फेलच येत होतं.

बाबा तिथेच होते. सावली सरकली होती, ते सरकले नव्हते. पाण्याची बाटली भरलेलीच.

"झालं? पास ना?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते प्रत्येक परीक्षेनंतर विचारायचे, निकालाच्या कितीतरी आधी, आणि मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचे. एका शब्दाचं काम असायचं. तोच शब्द तोंडात आला होता. मला तेव्हा दुसऱ्या एका वडिलांची आठवण झाली, ज्यांना मी कधी बघितलं नव्हतं, आणि ज्यांना दोनच इंग्रजी शब्द वाचता येत होते.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. "मला कॉम्प्युटर येत नाही. तीन वर्षं येत नव्हता. सगळं नुसतं पाठ केलं होतं. आज एक प्रोग्राम समजला."

बोलून झालं आणि मी डांबराकडे बघत राहिले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. बाबांनी खिशातून पत्र काढलं. घामाने घडी ओली झाली होती. त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं.

"मला पण कळत होतं थोडंथोडं," ते म्हणाले. "झोपेत बडबडायचीस ना तू. घाबरून बोलायचीस. म्हणून तर आलो." पत्र परत खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "एक समजला म्हणतेस. एकूण किती आहेत?"

"वीस."

"म्हणजे एकोणीस राहिले." त्यांनी बाटलीचं झाकण उघडून ती माझ्या हातात दिली. "जूनपासून मी घरीच आहे. आई तिची कामं करील. टिकल्या मी बघेन."